मिसिसिपीच्या उगमाशी दोन रात्री: सासू-सासऱ्यांना घेऊन इटास्काला जाताना

वाचकाचे पत्र: आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. माझे सासू-सासरे जूनमध्ये नाशिकहून येत आहेत आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे राहतील. सासऱ्यांनी ब्रह्मगिरी चढून गोदावरीचा आणि अमरकंटकला जाऊन नर्मदेचा उगम पाहिला आहे. इटास्का स्टेट पार्कमध्ये मिसिसिपीचा उगम आहे हे कळल्यापासून ते दर फोनवर त्याचीच चौकशी करतात. यजमानांचा विचार असा, की 4 जुलैच्या सुट्टीत आम्ही सहाही जणांनी तिथे तंबूत राहावे. आमची मुले 10 आणि 6 वर्षांची आहेत. आम्ही कोणीच आजवर तंबूत राहिलेलो नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. त्या नको म्हणत नाहीत, पण हा विषय निघाला की गप्प होतात. जंगलात सहा जणांचा शाकाहारी स्वयंपाक कसा करायचा, हीसुद्धा मला काळजी आहे. बेत कसा आखावा, की एका दिवसात जाऊन यावे? (एक वाचक, मिनेसोटा)

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सासऱ्यांविषयीचे नसून सासूबाईंच्या गप्प होण्याविषयीचे आहे, असे मला वाटते. सहलीचा बेत बहुधा ज्याला सर्वांत जास्त हौस असते त्याच्या सोयीने आखला जातो आणि ज्याला सर्वांत जास्त त्रास होणार असतो त्याने तो निमूटपणे सोसावा, अशी अपेक्षा असते. तुम्ही हा क्रम उलटा करावा. सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि त्यांच्या रात्रीच्या झोपेला मानवेल असा बेत आधी ठरवा, म्हणजे बाकीच्या पाच जणांचे प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतील. त्यासाठी त्यांना सर्वांसमोर विचारू नका, कारण मुलाचा उत्साह आणि नवऱ्याची इच्छा समोर दिसत असताना त्या ‘मला चालेल’ असेच म्हणतील. त्या घरी एकट्या असतील अशी वेळ साधून फोन करा आणि त्यांना नेमकी कशाची धास्ती वाटते ते शांतपणे विचारा. जमिनीवरून उठणे, अंधारात संडासापर्यंत चालत जाणे, अंघोळीची सोय आणि जनावरांची भीती, या चारांपैकीच काहीतरी निघेल असा माझा अंदाज आहे, आणि या चारही गोष्टींवर इटास्कामध्ये उपाय आहेत.

एका दिवसात जाऊन येण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. मिनियापोलिसहून इटास्का सुमारे 220 मैलांवर, म्हणजे मोटारीने जवळजवळ चार तासांवर आहे. जाऊन-येऊन आठ तास गाडीत बसल्यावर दुखऱ्या गुडघ्यांची काय अवस्था होईल हे सांगायला नको, आणि सासऱ्यांच्या वाट्याला उगमापाशी भर दुपारच्या गर्दीतली जेमतेम वीस मिनिटे येतील. ज्या माणसाने ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून गोदावरीचे मूळ पाहिले आहे, त्याला वीस मिनिटांत परत फिरवणे बरे नाही. किमान दोन रात्री राहावे आणि दररोज एकच मुख्य गोष्ट करावी.

आता मुक्कामाविषयी. सहाही जणांनी तंबूतच राहिले पाहिजे असे मुळीच नाही, आणि इटास्काची मोठी सोय हीच आहे की एकाच पार्कमध्ये तंबूच्या जागाही आहेत आणि पक्क्या छपराखालच्या खोल्याही आहेत. पाइन रिज आणि बेअर पॉ ही तिथली दोन मोठी कॅम्पग्राउंड असून दोन्हीकडे गरम पाण्याच्या शॉवरची सोय आहे. दुसरीकडे तलावाच्या काठी 1905 साली ओंडक्यांनी बांधलेले डग्लस लॉज आहे आणि त्याच्या परिसरात खोल्या व छोटी केबिन भाड्याने मिळतात. तुमच्या जागी मी असते, तर सासू-सासऱ्यांसाठी खोली किंवा केबिन घेतली असती आणि तुम्ही चौघांनी तंबूत राहावे असे ठरवले असते. सकाळचा चहा, जेवण आणि संध्याकाळची शेकोटी सर्वांनी एकत्र करावी. निजायच्या वेळी मोटारीने त्यांना खोलीवर सोडावे. सासऱ्यांना तंबूचीच हौस असेल, तर दुसऱ्या रात्री ते नातवंडांबरोबर तंबूत झोपतील आणि तुम्ही सासूबाईंच्या सोबतीला खोलीवर जाल. अशी अदलाबदल झाली, तर त्यात कोणाचाच हिरमोड होणार नाही.

खोली मिळालीच नाही आणि सर्वांना कॅम्पग्राउंडवरच राहावे लागले, तर आरक्षण करताना नकाशा उघडून स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून असलेली जागा निवडा. अगदी लगतची जागा घेतली, तर रात्रभर दारांचा आवाज आणि दिव्याचा उजेड येत राहतो; फार लांबची घेतली, तर सासूबाईंना अंधारात चालावे लागते. त्यांच्यासाठी जमिनीपासून दीड फूट उंचीची घडीची खाट आणि हात टेकायला दांडे असलेली भक्कम खुर्ची न्या. वीज असलेली जागा मिळाली तर तीच घ्यावी, म्हणजे रात्री एक मंद दिवा लावून ठेवता येईल.

तारखेबाबत माझे मत ठाम आहे: 4 जुलै नको. त्या सुट्टीत पार्क गच्च भरलेला असतो, आणि उत्तर मिनेसोटात जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत डासांचा जोर सर्वांत जास्त असतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिथे नेले होते. संध्याकाळी सहानंतर तिला तंबूबाहेर बसता आले नाही आणि तलावावरचा सूर्यास्त तिने जाळीतून पाहिला. ती काही बोलली नाही, पण चूक माझी होती, आणि आजही त्याची रुखरुख मला लागून राहिली आहे. तुमच्याकडे सासू-सासरे सप्टेंबरअखेरपर्यंत आहेत, तेव्हा ऑगस्टचा तिसरा आठवडा निवडा. डास बरेच कमी झालेले असतात, तलावाचे पाणी अजून कोमट असते, आणि शाळा बहुतेक ठिकाणी लेबर डेनंतरच, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच, सुरू होत असल्यामुळे मुलांची सुट्टीही शिल्लक असते. शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार जाता आले तर फारच उत्तम. फक्त गणेश चतुर्थी कधी येते ते आधी पाहून घ्या, नाहीतर ऐन तयारीच्या दिवसांत तंबूचे सामान आवरत बसावे लागेल. ऑगस्टमध्येही तिथे पहाटे पारा 10 अंश सेल्सियसच्या आसपास उतरू शकतो, म्हणून नाशिकच्या माणसांसाठी लोकरीची टोपी, पायमोजे आणि एकेक जादा ब्लँकेट बरोबर असलेच पाहिजे.

त्याआधी एक तालीम करावी. जुलैमध्ये एखाद्या शुक्रवारी तुम्ही चौघांनी सेंट क्रॉय नदीकाठच्या विल्यम ओब्रायन स्टेट पार्कमध्ये एक रात्र काढून या. ते तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तंबू उभारायला किती वेळ लागतो, मुलांना रात्री कशाची भीती वाटते, हवेची गादी कुठून गळते, हे सगळे तिथे कळेल, आणि काही फसलेच तर तासाभरात घर गाठता येईल. वडीलधाऱ्यांच्या देखत पहिल्यांदा तंबू उभारायचा प्रसंग तुमच्या यजमानांवर येऊ नये.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही ‘मला काळजी आहे’ असे लिहिले आहे, ‘आम्हाला’ असे लिहिलेले नाही, हे माझ्या लक्षात आले. जंगलात ओट्यासारखी सोय नसते, त्यामुळे घरात एकीने करायचे काम तिथे वाटून घेतलेच पाहिजे. शेगडी, पाणी आणि भांडी घासणे ही खाती निघण्यापूर्वीच यजमानांकडे सोपवा. दोन बर्नरची गॅसची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर एवढ्यावर सहा जणांचे भागते. कांदा-लसूण चिरण्यापासून सुरुवात करावी लागेल असा कोणताही पदार्थ ठरवू नका. पहिल्या रात्रीसाठी घरूनच दशम्या आणि कोरडी चटणी न्या, कारण तंबू उभारून होईपर्यंत अंधार पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी, तिच्यावर तूप, भाजलेला पापड आणि लोणचे. त्यासाठी डाळ, तांदूळ आणि मसाला मोजून एकाच पिशवीत भरून ठेवावा. सकाळी पोहे किंवा भाजणीची थालीपिठे करावीत. मेतकूट आणि दाण्याची चटणी मात्र विसरू नका, कारण पावसाने शेगडी पेटू दिली नाही तर दही-पोहे आणि चटणीवर एक वेळ आनंदाने निघते.

इथे अस्वलांचा विषय येतो, आणि तो सासूबाईंसमोर मोकळेपणाने बोलून टाकलेला बरा. त्या जंगलात काळी अस्वले आहेत. ती सहसा माणसापासून लांबच राहतात, पण त्यांचे नाक अतिशय तिखट असते आणि हिंगाची फोडणी, तूप व गूळ हे सगळे त्यांच्या दृष्टीने आमंत्रणच. म्हणून खाण्याची एकही वस्तू, अगदी मुलांच्या खिशातले चॉकलेट किंवा सासूबाईंच्या पर्समधली खडीसाखरसुद्धा, तंबूत ठेवायची नाही. जेवण झाल्याबरोबर शेगडी, भांडी, कूलर, टूथपेस्ट आणि सुगंधी तेल मोटारीत ठेवून मोटार कुलूपबंद करावी. एवढे कसोशीने पाळले तर घाबरण्याचे कारण उरत नाही. रात्री तलावावरून कोणीतरी रडल्यासारखा किंवा हसल्यासारखा लांबलचक आवाज येईल. तो लून पक्ष्याचा, मिनेसोटाच्या राज्यपक्ष्याचा असतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरीच सर्वांना ऐकवून ठेवा, म्हणजे मध्यरात्री कोणी दचकणार नाही आणि मुले तर त्याची वाट पाहत जागी राहतील.

अस्वलापेक्षा मला गोचिडीची काळजी अधिक वाटते. काळ्या पायांच्या बारीक गोचिडीपासून लाइम आजार होतो आणि ती तिळाएवढी असल्यामुळे सहज दिसत नाही. फिकट रंगाची लांब पँट, पँटचे टोक मोज्यात खोचलेले आणि बंद बूट, हा वेष सर्वांनीच करावा; सासूबाईंना साडीऐवजी सलवार किंवा पँट घालायला त्यांच्या मुलानेच सुचवावे. कातडीवर डास-गोचिडींना दूर ठेवणारे, डीट असलेले औषध लावावे, आणि रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांमागची बाजू, कानांमागे व केसांत नीट तपासावे. गोचीड चिकटलेली आढळली, तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची.

सरपण घरून नेऊ नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याची अळी अ‍ॅशच्या झाडांची साल आतून पोखरते आणि लाकडाच्या मोळीतून ती शेकडो मैल पसरते, म्हणून तिथल्या स्टेट पार्कमध्ये मान्यताप्राप्त विक्रेत्याकडचेच लाकूड चालते. ते पार्कमध्येच विकत मिळते. त्याखेरीज पार्कमध्ये मोटार नेण्याचा परवाना लागतो, रात्री 10 नंतर शांतता पाळावी लागते, आणि फोनला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आणि आरक्षणाची प्रत आधीच उतरवून ठेवा. रुग्णालये दक्षिणेला पार्क रॅपिड्स आणि उत्तरेला बेमिजी या गावांत आहेत. सासू-सासऱ्यांच्या प्रवासी विम्याचे कागद आणि औषधांची यादी मोटारीच्या कप्प्यात ठेवावी.

आता उगमाविषयी, कारण सासऱ्यांच्या दृष्टीने सगळा प्रवास त्यासाठीच आहे. मेरी गिब्स यांच्या नावाच्या केंद्रापासून उगमापर्यंतची वाट सुमारे 800 फुटांची, म्हणजे अडीचशे मीटरच्या आतली, सपाट आणि चाकाची खुर्ची नेता येईल अशी आहे. सासूबाईंना ब्रह्मगिरी चढणे जमले नसेल, पण या उगमापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी जातील, हे त्यांना जरूर सांगा. तिथे गेल्यावर दिसते ते असे: शांत इटास्का तलाव, त्याच्या उत्तरेकडच्या टोकाला दगडांची एक ओळ आणि त्या दगडांमधून खळाळत बाहेर पडणारा, जेमतेम गुडघाभर खोल आणि वीसएक फूट रुंद ओहोळ. शेजारी उभ्या केलेल्या ओंडक्यावर कोरले आहे, की समुद्रसपाटीपासून 1475 फूट उंचीवर इथे सुरू होणारी मिसिसिपी 2552 मैलांची वळणे घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. त्र्यंबकेश्वरी किंवा महाबळेश्वरी असते तसे देऊळ, गोमुख किंवा कुंड इथे नाही, हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या क्षणी त्यांची निराशा होणार नाही. ही नदी प्रथम उत्तरेला बेमिजीकडे जाते, मग पूर्वेला वळते आणि नंतर कुठे दक्षिणेची वाट धरते, हेही त्यांना आवडेल.

सासूबाईंना नदीची ओटी भरावीशी वाटेल, आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. पण नारळ, खण, फुले, हळद-कुंकू किंवा नाणी त्या पाण्यात सोडू नका आणि काठावर दिवाही लावू नका. तो प्रवाह इतका लहान आहे की टाकलेली प्रत्येक वस्तू तिथेच अडकून राहते. ओंजळीत त्याच नदीचे पाणी घेऊन तिलाच अर्घ्य द्यावे. मला त्याहून सुंदर पूजा सुचत नाही. ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचे मात्र नाही, कारण उघड्या तलावाच्या पाण्यातून पोटाचे विकार होतात. मुले दगडांवरून पलीकडे जातीलच. दगड शेवाळलेले असतात, म्हणून त्यांच्या पायांत पाण्यात घालायचे बूट हवेत आणि मोठ्या माणसाने प्रवाहात उभे राहून हात धरावा. ही दगडांची मांडणी 1930 च्या दशकात पात्राची दुरुस्ती करताना माणसांनी केली आहे. त्याआधी हा भाग दलदलीचा होता. तुमच्या सासऱ्यांसारख्या चौकस माणसापासून हे लपवू नये.

थोडा इतिहासही बरोबर न्या, कारण त्याशिवाय ते जंगल समजत नाही. 1832 साली हेन्री स्कूलक्राफ्ट या तलावापाशी पोहोचले आणि उगमाच्या शोधाचे श्रेय त्यांना मिळाले, पण त्यांना तिथवर नेले ते ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने. ओजिब्वे लोकांना तो तलाव ठाऊक होताच आणि त्यांच्या भाषेत त्याला नावही होते. ‘इटास्का’ हे नाव स्कूलक्राफ्ट यांनी ‘वेरितास कापुत’, म्हणजे ‘खरे शिर’, या लॅटिन शब्दांची दोन्ही टोके छाटून तयार केले. पुढे जेकब ब्राउअर यांनी या भागाची मोजणी केली आणि लाकूड कंपन्यांच्या कुऱ्हाडी जवळ येत असताना जंगल राखण्यासाठी खटपट केली. अखेर 20 एप्रिल 1891 रोजी हा मिनेसोटाचा पहिला स्टेट पार्क स्थापन झाला. त्यानंतरही वृक्षतोड कित्येक वर्षे चालूच होती. 1903 साली वडिलांच्या निधनानंतर 24 वर्षांच्या मेरी गिब्स पार्कच्या आयुक्त झाल्या. ओंडके वाहून नेण्यासाठी बांधलेल्या धरणामुळे तलावाचे पाणी चढून काठची झाडे बुडत होती. त्या धरणाचे दरवाजे उघडायला त्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर बंदूक रोखण्यात आली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. आयुक्तपद त्यांच्याकडे काही महिनेच राहिले. तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला ही हकीकत उगमाच्या वाटेवरच सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याला प्रीचर्स ग्रोव्हला न्या, म्हणजे कुऱ्हाडीपासून काय वाचले ते त्याला मान वर करून पाहता येईल. अडीचशे वर्षांहून जुने लाल पाइन तिथे तलावाच्या काठी उभे आहेत आणि मोटार अगदी जवळ जाते, त्यामुळे सासूबाईंनाही चालावे लागणार नाही.

बाकीच्या वेळेत वाइल्डरनेस ड्राइव्ह हा सुमारे दहा मैलांचा एकेरी रस्ता मोटारीने सावकाश फिरावा. यजमानांनी मुलांना घेऊन एटन हाइट्सचा जुना टेहळणी मनोरा चढायला हरकत नाही. तेवढ्या वेळात तुम्ही तिघांनी डग्लस लॉजच्या ओसरीवर स्वस्थ बसावे. याहून जास्त काही ठरवू नका.

उगमाला मात्र दोनदा जा. पहिल्यांदा मुलांसह, त्यांना मनसोक्त डुंबू देण्यासाठी. आणि दुसऱ्यांदा शेवटच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास, फक्त सासू-सासरे आणि त्यांचा मुलगा. तुम्ही मुलांपाशी तंबूत राहा आणि त्या तिघांना तिथे हवा तेवढा वेळ घेऊ द्या. त्या वेळी तिथे गर्दी नसते आणि तलावावर बहुधा धुके असते.

मिनेसोटाच्या स्टेट पार्कमधले आरक्षण मुक्कामाच्या 120 दिवस आधी खुले होते आणि इटास्कामधल्या चांगल्या जागा लगेच भरतात. 18 ऑगस्टच्या रात्रीपासून राहायचे असेल, तर तुम्हाला 20 एप्रिलच्या सकाळी आरक्षणाला बसावे लागेल, आणि तो पार्कच्या स्थापनेचाही दिवस आहे. सासूबाईंशी फोनवरचे बोलणे त्याआधी उरकून घ्या, म्हणजे खोली किती जणांसाठी घ्यायची ते तुम्हाला माहीत असेल.